निसटत्या विजयाची इंग्रजी: कुठला शब्द कुठे चालतो

मतमोजणी सुरू झाली की आपल्याकडच्या इंग्रजी वाहिन्यांच्या खालच्या पट्टीवर 'नेक-टू-नेक फाइट' हमखास येते. दुसऱ्या दिवशी तेच शब्द वर्तमानपत्रात येतात आणि तिथून शाळा-कॉलेजच्या निबंधांत उतरतात. मूळ प्रयोग 'नेक अँड नेक' असा आहे. 'फेस टू फेस', 'हेड टू हेड' यांच्या सवयीनं मधला 'टू' घुसला असावा. भारतातल्या इंग्रजीत तो इतका रुळलाय की इथल्या वाचकाला खटकत नाही, पण परीक्षेत किंवा बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना 'अँड'च हवा.

याच शब्दाची दुसरी चूक जास्त गंभीर आहे आणि तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. निकाल लागल्यानंतर 'अ नेक अँड नेक विन' असं लिहिलं जातं. नेक अँड नेक ही शर्यत चालू असतानाची स्थिती आहे. दोन घोडे मानेला मान लावून पळताहेत, कोण पुढे ते ठरत नाही, तोपर्यंतच हा शब्द चालतो. निकाल लागला म्हणजे एक जण पुढे गेला. मग किती पुढे गेला ते सांगायचं. मराठीत आपण ही गल्लत सहसा करत नाही. लढत चुरशीची असते, सामना अटीतटीचा होतो आणि विजय निसटता असतो. इंग्रजीतही तशीच विभागणी आहे. फक्त शब्द खूप असल्यामुळे ती पटकन दिसत नाही.

शब्द निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. फरक किती होता? तो फरक केव्हा पडला, शेवटच्या क्षणी की आधीच? आणि वाक्य कुणाच्या बाजूनं लिहिलंय, जिंकणाऱ्याच्या की हरणाऱ्याच्या? बहुतेक चुका दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर होतात, कारण शब्दकोश 'थोडक्यात जिंकणे' एवढाच अर्थ देऊन मोकळा होतो.

घोडे, खांब आणि तार

या शब्दांपैकी बरेचसे रेसकोर्सवरून आलेत आणि तिथे त्यांना नेमकं माप आहे. मुख्य माप 'लेंग्थ', म्हणजे घोड्याची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी, ढोबळमानानं आठ फूट. त्याखाली उतरत्या क्रमानं पाऊण लेंग्थ, अर्धी लेंग्थ, 'नेक', 'हेड', 'शॉर्ट हेड' आणि सर्वांत कमी 'नोज'. नेक म्हणजे साधारण पाव लेंग्थ. महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या शर्यतींचे निकाल इंग्रजी दैनिकांत येतात, त्यातही पहिल्या-दुसऱ्या घोड्यातलं अंतर याच शब्दांच्या संक्षेपांनी छापलेलं असतं. म्हणून 'वन बाय अ नोज' हे 'वन बाय अ नेक' पेक्षा खूपच निसटतं आहे. घोड्यांबाहेरच्या लिखाणात 'बाय अ नोज' सर्रास चालतं, 'बाय अ शॉर्ट हेड' मुख्यतः ब्रिटिश लेखणीतून येतं, आणि 'बाय अ नेक' रेसकोर्स सोडल्यास क्वचितच दिसतं.

'डेड हीट' म्हणजे निसटता विजय नव्हे, तंतोतंत बरोबरी. पूर्वी एकाच शर्यतीच्या अनेक फेऱ्या व्हायच्या आणि प्रत्येक फेरीला 'हीट' म्हणत. ज्या फेरीत कुणीच जिंकलं नाही ती 'डेड', म्हणजे हिशेबातून बाद, ती पुन्हा पळवायची. आज घोडे पुन्हा पळवत नाहीत, बक्षीस वाटून देतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या थेम्सवरच्या बोट रेसमध्ये १८७७ साली हाच निकाल लागला. इतक्या वर्षांच्या त्या स्पर्धेतली ती एकमेव डेड हीट. २००३ साली ऑक्सफर्डनं तीच शर्यत फक्त एका फुटानं जिंकली. ही डेड हीट नाही, हा निसटता विजय. जनमत चाचण्यांबद्दल लिहिताना मात्र 'डेड हीट' थोडा सैल वापरतात. दोन उमेदवार ४४ आणि ४५ टक्क्यांवर असले तरी ती डेड हीट म्हणवली जाते. प्रत्यक्ष निकालाबद्दल लिहिताना हा सैलपणा चालत नाही.

'पिप्ड ॲट द पोस्ट' किंवा 'पिप्ड टू द पोस्ट' यातला 'पोस्ट' म्हणजे शर्यत जिथे संपते तो खांब. टपालाशी त्याचा संबंध नाही. प्रयोग ब्रिटिश आहे, अमेरिकी वाचकाला तो परका वाटेल. त्यात दोन अटी गृहीत आहेत. एक, वाक्याचा कर्ता बहुधा हरणारा असतो आणि क्रियापद कर्मणी: 'शी वॉज पिप्ड ॲट द पोस्ट'. दोन, मागे पडणं अगदी शेवटी झालेलं असतं. सुरुवातीपासून पिछाडीवर असलेला उमेदवार शंभर मतांनी हरला, तर तो थोडक्यात हरला, पण 'पिप्ड' झाला नाही. जवळजवळ हाताशी आलेली गोष्ट गेली, हा भाव त्या शब्दात आहे. मराठीत 'तोंडचा घास गेला' आपण अशाच जागी म्हणतो.

अमेरिकेत खांबाऐवजी तार. तिथल्या रेसकोर्सवर अंतिम रेषेच्या वर तार ताणलेली असे, त्यावरून 'डाउन टू द वायर', म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत अनिर्णित. हा शब्द निकालाआधी आणि निकालानंतर, दोन्हीकडे चालतो. 'द रेस इज गोइंग डाउन टू द वायर' आणि 'द रेस वेंट डाउन टू द वायर', दोन्ही बरोबर. पण 'वायर-टू-वायर' याचा अर्थ अगदी वेगळा आहे: सुरुवातीपासून शेवटपर्यंत आघाडीवर राहून जिंकणं. तो विजय निसटता असेलच असं नाही, बहुतेकदा एकतर्फीच असतो. दोन्हीत तार आहे म्हणून अनेक जण ते एकमेकांच्या जागी टाकतात आणि वाक्याचा अर्थ उलटा होतो.

फोटो फिनिश म्हणजे काय बघतात

'फोटो फिनिश' आपण मराठीतही वापरतो, पण तिथे कॅमेरा नेमकं काय करतो हे कळलं की शब्द नीट वापरता येतो. हा कॅमेरा संपूर्ण मैदानाचं एक चित्र घेत नाही. तो फक्त अंतिम रेषेवरच्या एका अरुंद उभ्या पट्टीकडे बघत राहतो आणि त्या पट्टीची क्षणाक्षणाची चित्रं शेजारी-शेजारी लावतो. म्हणून त्या फोटोत डावी-उजवी बाजू म्हणजे अंतर नव्हे, वेळ. धावपटूंचे हातपाय त्यात वाकडेतिकडे, ताणलेले दिसतात ते याचमुळे. घोड्यांच्या शर्यतीत नाक बघतात. ॲथलेटिक्समध्ये धड बघतात. डोकं, मान, हात, पाय यांना मोजमापात जागा नाही. शेवटच्या पावलाला धावपटू छाती पुढे झोकतात त्याचं कारण हेच.

पॅरिस ऑलिंपिकमधली २०२४ ची पुरुषांची १०० मीटर शर्यत बघा. नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन, दोघांच्याही नावासमोर ९.७९ सेकंद लागले. फोटोतून हजाराव्या भागापर्यंत वाचल्यावर लाइल्स ९.७८४ आणि थॉम्पसन ९.७८९. इथे एक बारकावा आहे. शाळेच्या नियमानं ९.७८४ चे ९.७८ व्हायला हवेत. पण या शर्यतींत वेळ जवळच्या शंभराव्या भागाकडे नेत नाहीत, नेहमी वरच्या भागाकडे नेतात. म्हणून दोघांचेही ९.७९. अशा निकालाला 'फोटो फिनिश' शंभर टक्के लागू, 'डेड हीट' मात्र नाही, कारण क्रम ठरला. 'वन बाय फाइव्ह थाउजंड्थ्स ऑफ अ सेकंड' हे सर्वांत चोख.

पोहण्यात उलट धोरण आहे. तिथे हजाराव्या भागापर्यंत जातच नाहीत. १९७२ साली म्युनिकला ४०० मीटर वैयक्तिक मेडलेमध्ये गुन्नार लार्सननं टिम मॅकीला ०.००२ सेकंदानं हरवलं. नंतर लक्षात आलं की तलावाच्या प्रत्येक लेनची लांबी इतकी अचूक बांधताच येत नाही. भिंतीतला किंचित फरकसुद्धा त्या वेळेपेक्षा मोठा ठरतो. तेव्हापासून शंभराव्या भागावर बरोबरी झाली की दोघांनाही तेच पदक. रिओत २०१६ साली महिलांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सिमोन मॅन्युएल आणि पेनी ओलेक्सिएक दोघींना ५२.७० सेकंदांवर सुवर्ण मिळालं. याला इंग्रजीत 'टाय फॉर गोल्ड' म्हणतात, आणि 'शेअर्ड द गोल्ड' असंही लिहितात.

पोहणाऱ्यांचं स्वतःचं एक क्रियापद आहे, 'टच्ड आउट'. भिंतीवरच्या पॅडला आधी हात लावून हरवणं. बीजिंगला २००८ साली १०० मीटर बटरफ्लायमध्ये मायकल फेल्प्स ५०.५८ आणि मिलोराद चाविच ५०.५९. चाविच पुढे होता, पण शेवटी हात लांब करून सरकत गेला. फेल्प्सनं आणखी अर्धा हात मारला आणि पॅड आधी दाबलं. 'फेल्प्स टच्ड हिम आउट' या चार शब्दांत कसा हरवला तेही येतं. 'बीट हिम नॅरोली' म्हटलं तर ते जातं. जिथे त्या खेळाचं स्वतःचं क्रियापद आहे तिथे तेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याला सर्वांत जवळचं उदाहरण पी. टी. उषाचं. लॉस एंजेलिस, १९८४, ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत. रुमानियाची कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२. इथे 'लॉस्ट बाय' लिहू नये, कारण शर्यत जिंकली नवल एल मुतावाकिलनं आणि उषा चौथी आली. थोडक्यात गेलं ते पदक. म्हणून 'मिस्ड ब्रॉंझ बाय वन-हंड्रेड्थ ऑफ अ सेकंड' किंवा 'वॉज पिप्ड फॉर ब्रॉंझ'.

क्रिकेट: आकडा नेहमी पूर्ण गोष्ट सांगत नाही

क्रिकेटमध्ये फरक सांगायची दोन मापं आहेत आणि ती एकमेकांत बदलता येत नाहीत. नंतर फलंदाजी करणारा जिंकला तर विकेट्सनी, आधी करणारा जिंकला तर धावांनी. एजबॅस्टनला २००५ साली इंग्लंडनं ऑस्ट्रेलियाला २ धावांनी हरवलं, वेलिंग्टनला २०२३ साली न्यूझीलंडनं इंग्लंडला १ धावेनं. हे आकडे स्वतःच बोलतात. विकेट्सचा आकडा तसा बोलत नाही. कोलंबोत मार्च २०१८ मध्ये निदहास ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर ५ धावा हव्या होत्या आणि दिनेश कार्तिकनं षटकार मारला. धावफलकावर निकाल: भारत ४ विकेट्सनी विजयी. नुसतं 'वन बाय फोर विकेट्स' वाचून कुणालाही वाटेल की आरामात जिंकले. म्हणून पुढे 'ऑफ द लास्ट बॉल' जोडावंच लागतं. मर्यादित षटकांच्या सामन्यात विकेट्सनी मिळालेला विजय लिहिताना उरलेले चेंडूही लिहायचे, ही सवय करून घ्यावी.

'टाय' आणि 'ड्रॉ' यांची अदलाबदल तर कधीच करू नये. मराठीतला फरक इंग्रजीइतकाच पक्का आहे: टाय म्हणजे बरोबरीत, ड्रॉ म्हणजे अनिर्णित. चेन्नईतली सप्टेंबर १९८६ ची भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी टाय झाली. ऑस्ट्रेलिया ५७४ आणि १७०, भारत ३९७ आणि ३४७. दोन्हीकडे बेरीज ७४४, आणि भारताचा शेवटचा गडी, मनिंदर सिंग, बाद झालेला. आता वानखेडेवरची नोव्हेंबर २०११ ची भारत-वेस्ट इंडिज कसोटी घ्या. वेस्ट इंडिज ५९० आणि १३४, भारत ४८२ आणि २४२. बेरीज दोन्हीकडे ७२४. तरीही ती टाय नाही, ड्रॉ आहे. कारण शेवटच्या चेंडूवर अश्विन दुसरी धाव घेताना धावबाद झाला तेव्हा भारताचे ९ च गडी बाद होते आणि षटकं संपली होती. टायला धावा समान असून भागत नाही, शेवटी खेळणाऱ्या संघाचा डाव पूर्ण व्हावा लागतो. अशा सामन्याला इंग्रजीत 'ड्रॉन विथ द स्कोअर्स लेव्हल' म्हणतात.

लॉर्ड्सवरचा २०१९ चा विश्वचषक अंतिम सामना तर या सगळ्या शब्दांची कसोटीच होता. ५० षटकांत २४१-२४१, सुपर ओव्हरमध्ये १५-१५, आणि इंग्लंड विजयी ठरलं ते चौकार-षटकारांच्या संख्येवर, २६ विरुद्ध १७. इयान स्मिथनं समालोचनात 'बेअरेस्ट ऑफ मार्जिन्स' म्हटलं आणि तो शब्दप्रयोग त्या सामन्याला कायमचा चिकटला. भावना म्हणून तो अचूक आहे. निकालाच्या नोंदीत मात्र मार्जिन लिहायलाच जागा नाही. धावांचा फरक शून्य होता आणि विकेट्सवर निकाल लागला नाही. म्हणून 'वन बाय' इथे चालत नाही, 'वन ऑन बाउंडरी काउंट' लिहावं लागतं. ज्या निकषावर निकाल लागतो त्याला 'ऑन' लागतं: ऑन गोल डिफरन्स, ऑन पेनल्टीज, ऑन पॉइंट्स. जितक्या फरकानं लागतो त्याला 'बाय'. बाउंडरी मोजायचा तो नियम आयसीसीनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काढून टाकला.

मतं, मताधिक्य, बहुमत

निवडणुकीच्या इंग्रजीत सर्वांत महाग पडणारा शब्द 'मेजॉरिटी'. ब्रिटिश वापरात एखाद्या मतदारसंघातला पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवारातला फरक म्हणजे मेजॉरिटी. अमेरिकी वापरात मेजॉरिटी म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त मतं. सर्वांत जास्त पण निम्म्याहून कमी मतं मिळाली तर 'प्लुरॅलिटी', आणि फरकाला 'मार्जिन'. मराठीत हे दोन अर्थ दोन शब्दांत आधीच वेगळे आहेत: फरक म्हणजे मताधिक्य, निम्म्याहून जास्त म्हणजे बहुमत. तरी भाषांतरात 'अ मेजॉरिटी ऑफ टू' चं 'दोन मतांचं बहुमत' होतं. मतदारसंघाची बातमी असेल तर ते 'दोन मतांचं मताधिक्य' किंवा सरळ 'दोन मतांनी'. सभागृहाची बातमी असेल तरच बहुमत.

ब्रिटनमधल्या विंचेस्टर मतदारसंघात १९९७ साली मार्क ओटन २ मतांनी निवडून आले. निकाल न्यायालयात रद्द झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेरनिवडणूक झाली आणि ओटन २१,५५६ मतांनी जिंकले. पहिल्या निकालाला अमेरिकी बातमीदार 'स्क्वीकर' म्हणेल, दुसऱ्याला कुणीही 'लँडस्लाइड' म्हणेल. स्क्वीकर अनौपचारिक आहे, मथळ्यात शोभतो, अहवालात नाही. अहवालात 'नॅरो विन' पुरतं.

अमेरिकी निकालाच्या रात्री दोन शब्द शेजारी-शेजारी येतात: 'टू अर्ली टू कॉल' आणि 'टू क्लोज टू कॉल'. पहिल्याचा अर्थ पुरेशी मतं अजून मोजली नाहीत. दुसऱ्याचा अर्थ बरीच मोजून झाली, पण फरक इतका कमी आहे की उरलेल्या मतांनी निकाल फिरू शकतो. सकाळी नऊ वाजता दहा टक्के मतमोजणीवर 'टू क्लोज टू कॉल' लिहिणं म्हणूनच चूक. फ्लोरिडात २००० सालच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत वाहिन्यांनी आधी गोर यांना विजयी घोषित केलं, मागे घेतलं, मग बुश यांना घोषित केलं, तेही मागे घेतलं. शेवटी अधिकृत फरक निघाला ५३७: बुश २९,१२,७९० आणि गोर २९,१२,२५३. तिथल्या कायद्यानुसार फरक अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असला की यंत्रानं फेरमोजणी आपोआप होते. आपल्याकडे आपोआप होत नाही. निवडणूक संचालन नियम १९६१ मधल्या नियम ६३ प्रमाणे उमेदवारानं किंवा त्याच्या प्रतिनिधीनं लेखी कारणं देऊन मागावी लागते आणि निवडणूक निर्णय अधिकारी ती नाकारू शकतो. त्यामुळे आपल्याकडच्या बातमीत 'ऑटोमॅटिक रिकाउंट' हे शब्द येऊच नयेत.

जनमत चाचणीतली आघाडी लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी. हजार जणांच्या नमुन्यात प्रत्येक उमेदवाराच्या टक्केवारीत साधारण ३ टक्के इकडे-तिकडे धरावे लागतात. पण दोघांतल्या फरकाची त्रुटी त्याच्या जवळजवळ दुप्पट होते, कारण एकाची टक्केवारी वर गेली की बहुधा दुसऱ्याची खाली येते. म्हणून ४ टक्क्यांची आघाडी 'आउटसाइड द मार्जिन ऑफ एरर' म्हणून खपवू नये.

मुंबई उत्तर-पश्चिमचा २०२४ चा निकाल आपल्या सर्वांना आठवतो. रवींद्र वायकर ४,५२,६४४, अमोल कीर्तिकर ४,५२,५९६. फरक ४८. मतदानयंत्रांच्या मोजणीत कीर्तिकर एका मतानं पुढे होते, टपाली मतांत वायकर ४९ नं. हे इंग्रजीत लिहायचं तर 'रेझर-थिन मार्जिन' योग्य. 'बाय अ व्हिस्कर', म्हणजे मिशीच्या केसाएवढ्या फरकानं, हेही चालेल. 'पिप्ड ॲट द पोस्ट' बद्दल मी हात राखून राहीन, कारण यंत्रांची आणि टपाली मतांची शेवटी बेरीज होते, आणि बेरजेत शेवटचा टप्पा नसतो. 'फोटो फिनिश' अलंकार म्हणून चालेल.

फरक एकच असेल तर अलंकार काढून टाकावा. राजस्थानात नाथद्वारामध्ये २००८ साली सी. पी. जोशी ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६ असे हरले. कर्नाटकात संथेमरहळ्ळीत २००४ साली निकाल लागला ४०,७५२ विरुद्ध ४०,७५१. लोकसभेत १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० नं पडलं. 'बाय अ सिंगल व्होट' एवढंच लिहावं. पुढे 'व्हिस्कर' किंवा 'रेझर' जोडलं की वाक्य उलट सैल पडतं.

कोण कुणाला

क्रियापदांत बाजू लपलेली असते. 'एज्ड आउट', म्हणजे थोडक्यात मागे टाकलं, याचा कर्ता जिंकणारा, कर्म हरणारा. यात कौतुकही नाही, टीकाही नाही, म्हणून बातमीला सर्वांत सोयीचं. 'स्क्रेप्ड थ्रू', 'स्क्वीक्ड थ्रू', 'स्क्रेप्ड होम' यांचाही कर्ता जिंकणाराच, पण त्यात 'कसंबसं' ची छटा येते. परीक्षेत काठावर पास झालेल्याला 'स्क्रेप्ड थ्रू' बरोबर बसतं. विश्वविक्रमासह निसटती शर्यत जिंकणाऱ्याला ते लावणं अन्याय आहे. 'हेल्ड ऑफ' म्हणजे पुढे असलेल्यानं मागून आलेला जोर थोपवला. 'पिप्ड' च्या नेमकं उलट.

'बाय अ व्हिस्कर' दोन्ही बाजूंनी चालतं: वन, लॉस्ट, मिस्ड, कुठलंही क्रियापद घ्या. 'बाय द स्किन ऑफ वन्स टीथ' तसं नाही. ते थोडक्यात बचावणाऱ्याचंच असतं. 'लॉस्ट बाय द स्किन ऑफ हिज टीथ' हे चूक. मूळ बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातलं, आणि तिथेही बचावल्याचाच उल्लेख आहे.

'नेल-बायटर' आणि 'क्लिफहँगर' हे प्रेक्षकांचे शब्द. सामना नेल-बायटर असतो, खेळाडू नसतो. क्लिफहँगरमध्ये निकाल टांगलेला असावा लागतो, म्हणून निकाल लागल्यानंतर त्याला भूतकाळ लावायचा.

विशेषणांच्याही जोड्या ठरलेल्या आहेत. 'नॅरो' जवळजवळ सगळीकडे चालतं: विन, डिफीट, लीड, मार्जिन, मेजॉरिटी. 'स्लेंडर' आणि 'वेफर-थिन' आघाडी, फरक, बहुमत यांच्यापुरते, 'वेफर-थिन व्हिक्टरी' कानाला खटकतं. 'क्लोज' मुख्यतः लढतीला: क्लोज रेस, क्लोज मॅच, क्लोज फिनिश. 'मार्जिनल सीट' ब्रिटनमध्ये अशा मतदारसंघाला म्हणतात जिथे मागच्या वेळी फरक कमी होता आणि म्हणून तो या वेळी फिरू शकतो. तो शब्द जागेचा आहे, विजयाचा नाही.

आणि जे शब्द या यादीत नाहीतच पण घुसतात, ते तीन. 'क्लोज शेव्ह' म्हणजे थोडक्यात बचावणं, अपघातातून किंवा संकटातून. दोन स्पर्धकांमधल्या चुरशीला तो लावत नाहीत. 'पिरिक व्हिक्टरी' म्हणजे परवडला नाही असा विजय. तो मोठ्या फरकानंही मिळालेला असू शकतो. 'हेड-टू-हेड' म्हणजे आमनेसामने. त्यात चुरस असेलच असं नाही, ७-० चा इतिहाससुद्धा हेड-टू-हेड रेकॉर्डच असतो.

उरली ईश्वरचिठ्ठी. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली आणि चिठ्ठी शहांच्या नावाची निघाली. लोकसभा-विधानसभेसाठी हीच तरतूद लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ६५ मध्ये आहे. चिठ्ठी ज्याची निघाली त्याला एक जादा मत मिळालं असं धरून अधिकारी पुढे जातो. व्हर्जिनियात जानेवारी २०१८ मध्ये, दोन उमेदवारांना प्रत्येकी ११,६०८ मतं पडल्यावर, कॅमेऱ्याच्या रिळांच्या दोन डब्या एका वाडग्यात टाकून त्यातली एक काढली होती. इंग्रजीत याला 'ड्रॉ ऑफ लॉट्स' म्हणायचं. 'डिसायडेड बाय लॉट' किंवा 'वन ऑन अ ड्रॉ ऑफ लॉट्स' ही वाक्यरचना. आपल्याकडच्या बातम्यांत इथे बऱ्याचदा 'लकी ड्रॉ' येतं, ते काढून टाकावं. लकी ड्रॉमध्ये मिक्सर आणि स्कूटर मिळतात, नगरसेवकपद नाही. 'वन बाय वन व्होट' हेही इथे लिहू नये. ते जादा मत कायद्यानं धरलेलं आहे, मतदारानं दिलेलं नाही. आकडा लिहायचा तो ५,९४६-५,९४६ असाच.